किरणभाभीचा एकाही ब्राउझरवर भरवसा नव्हता

बातमी मोबाइलवर आली आणि मला ती खोटी वाटली. जालन्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसचं कुलूप काढत होतो, तेवढ्यात कामाच्या ग्रुपवर अशोकजींच्या नंबरवरून दोन ओळी पडल्या... 'किरण नहीं रही. उठावणा कल शाम को.' उठावणा म्हणजे मारवाड्यांची शोकसभा. अशोकजी म्हणजे किरणभाभीचे मिस्टर, मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं बारदान्याचं, रिकाम्या गोण्यांचं दुकान. हा माणूस कधी टाइप करत नाही. जे सांगायचं ते बोलून पाठवतो, मागे हमालांची हाकाटी आणि ट्रकचा हॉर्नही त्यात येतो. त्यामुळे माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की यांचा फोन कोणीतरी उडवला आणि आता थोड्या वेळात पैसे मागणारा मेसेज येईल. म्हणून मी अशोकजींना फोन लावलाच नाही. त्यांच्या शेजारी सुतळीचं दुकान आहे, त्या दुकानदाराला लावला. तो म्हणाला, "अरे बालाजी, तू कुठंय? इथं अर्ध्या मोंढ्यानं शटर ओढलंय." तरी माझं समाधान होईना. त्यांच्या गल्लीतल्या ओळखीच्या एकाला विचारलं. त्यानंही तेच सांगितलं, तेव्हा कुठं मी ऑफिसच्या पायरीवर बसलो. एकाच जागी बघून कशावर विश्वास ठेवायचा नाही, हे वळण मला भाभीनंच लावलेलं. तिच्या मरणाची बातमीसुद्धा मी तिच्याच पद्धतीनं तपासली. तिनं त्याचं कौतुक केलं असतं असं मात्र नाही. "अजून एकाला का न्हाई विचारलं?" असंच म्हणाली असती.

मी वाटूरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुठंही छाती ठोकून सांगतो, कारण ते फुकट मिळालेलं नाही. वडील टेम्पो चालवायचे. जालन्यात शिकलो, काही दिवस पुण्यात नोकरी केली, परत आलो आणि बसस्टँडमागच्या एका गाळ्यात वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं. शाळा, मंगल कार्यालयं, बियाण्याची दुकानं, मोसंबीचे व्यापारी, असे आमचे गिऱ्हाईक. भाभी तिथं काम मागायला आली. मारवाडी घरची सून, माहेर भोकरदनचं, बी.कॉम. झालेली, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून बसून वेबसाइटची मांडणी स्वतःच शिकलेली. मी विचारलं, "काय काय येतं?" उत्तर न देता तिनं पर्समधून एक जुना फोन काढला, मी बनवलेली एक साइट त्यात उघडली आणि माझ्यासमोर धरली. मेनू अर्धा पानाच्या बाहेर गेल्ता. "हे तुमचंच काम ना, भैया?" मला राग आला. म्हटलं, "माझ्या लॅपटॉपवर बराबर दिसतं." तर म्हणाली, "तुमच्या लॅपटॉपवर कोण येणारे बघायला?" मी तिला कामावर घेतलं, पण त्या वाक्याचा राग ठेवूनच घेतलं.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वेबसाइट आपण ज्या अ‍ॅपमधून बघतो त्याला ब्राउझर म्हणतात. फोटो कुठं, नाव कुठं, किती रुंद, किती उंच, हे आम्ही सीएसएस नावाच्या भाषेत लिहून ठेवतो. लिहितो एकच, पण प्रत्येक ब्राउझर ते आपापल्या समजुतीनं वाचतो. नवा असेल तर सगळं ऐकतो. जुना असेल तर त्याला काही शब्द ठाऊकच नसतात, आणि खरी गोम अशी की न कळलेला शब्द तो कोणाला विचारत नाही. कुरकुर करत नाही, इशारा देत नाही, ती ओळ गुपचूप सोडून पुढे जातो. मग एकाच्या फोनवर पान नीटनेटकं आणि दुसऱ्याच्या फोनवर त्याच पानाचं खिचडं. हे फरक हुडकायचे आणि मिटवायचे, हे भाभीचं काम. त्यासाठी लागतो तो संशय तिच्याकडे भरपूर होता. भोकरदनला तिच्या वडिलांचं धान्याचं दुकान, तिथं तागडीची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलल्याशिवाय माल घ्यायचा नाही अशी शिस्त. तीच शिस्त तिनं इकडे आणली. तिच्याकडे जुन्या फोनांचा ढीग होता. पान एकात बघायची, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि सगळीकडे सारखं दिसलं तर जास्तच अस्वस्थ व्हायची. "इतकं सरळ कसं काय आलं? कुठंतरी घोळ असणार." ती भाजीवालीवर संशय घ्यायची, चहावाल्यावर घ्यायची, आणि माझ्यावर तर रोज.

वाटूरला फाट्यावर दोन भावांचं खता-बियाण्याचं दुकान आहे. थोरले रंगनाथ तात्या, धाकटे विष्णूभाऊ. माझे वडील त्यांच्याच दुकानाचा टेम्पो चालवायचे. मी ऑफिस टाकलं तेव्हा तात्या फाट्यावर चार लोकांत म्हणाले होते, "आपल्या गावचं पोरगं शिकून आलंय, साइट तोच बनवील." त्या शब्दाची मला किती किंमत होती हे मी सांगत बसत नाही. साइट बनवली. पहिल्या पानावर वर तात्यांचा फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली विष्णूभाऊंचा फोटो आणि नाव. मांडणी भाभीची, तपासणीही भाभीची. विष्णूभाऊंनी त्यांच्या फोनवर बघितली, खूश झाले, गावभर पाठवली. आणि दोन-तीन दिवसांत तात्यांचा मला फोन. आवाज थंड. "बालाजी, माझा फोटो कोणाच्या सांगण्यावरून काढला?"

मी म्हटलं, तात्या, फोटो आहे. ते म्हणाले, नाही. मी लगेच उघडून बघितलं, होता. वाटूरला गेलो, माझा फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्यावर नजरही टाकली नाही. पुण्याच्या लेकीनं दिलेला महागाचा, जरा जुना फोन त्यांनी खिशातून काढून मला दाखवला. त्यात वर तात्यांचं नाव आणि त्याच्या खाली थेट विष्णूभाऊंचा हसरा चेहरा. तात्यांचा फोटो गायब. "माझ्या नावाखाली त्याचं तोंड," तात्या म्हणाले. मी म्हटलं, तात्या, हा फोन जुना आहे, तो चुकीचं दाखवतोय. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "एवढा महागाचा फोन खोटं बोलंल, आन् तुमचे दहा-दहा हजाराचे खरं बोलतेत व्हय रे?" विष्णूभाऊंच्या फोनवर फोटो दिसतो म्हटलं, तर म्हणाले, "त्यानं आधीच्या पानाचा फोटो काढून ठेवला असंल मला दाखवायला." दोघा भावांत आधीच थोडी धुसफूस होती, पोरांच्या लग्नावरून, गोदामाच्या किल्ल्यांवरून. आता तात्यांना पुरावा मिळाला. अक्षय तृतीयेला दुकान वेगळं करतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. ज्या दुकानानं आमच्या घरात चूल पेटती ठेवली ते माझ्या साइटवरून फुटणार होतं.

निघताना तात्यांनी मला बाजूला घेतलं. "त्या तुझ्या मारवाडीण भाभीच्या नवऱ्याचं बारदान आपल्या दुकानाला येतं, माहितेय ना? तो सगळा व्यवहार विष्णू बघतो. आता तूच इचार कर." आणि मी विचार करायला लागलो. खरं सांगायचं तर तो विचार माझ्या डोक्यात आधीपासूनच कुठंतरी बसलेला होता. जी बाई एकेका रेघेसाठी ढीगभर फोन चाळते, तिच्या नजरेतून अख्खा माणूस सुटतो कसा? शिवाय त्या दिवसांत ती सारखी संभाजीनगरला जायची. विचारलं की म्हणायची, नणंदेकडे. मला वाटायचं, तिथल्या एखाद्या मोठ्या कंपनीत बोलणी चाललीत, माझे गिऱ्हाईक घेऊन ही जाणार. मी तिच्याशी बोलणं तोडलं नाही, पण मोजून बोलायला लागलो. तिच्या ते लक्षात आलं असणार. तिच्या लक्षात न येण्यासारखं काही नव्हतंच.

तात्यांची तक्रार ऐकून ती एवढंच म्हणाली, "मला तो फोन पाहिजे." तात्या फोन पाठवायला तयार नव्हते. मग आम्हीच वाटूरला गेलो. ऊन कडक होतं, भाभीचा चेहरा उतरलेला होता, मी समजलो चोरी पकडली जाणार म्हणून... दुकानात दोघं भाऊ गादीच्या दोन टोकांना बसलेले. भाभीनं हात पुढे केला, तर तात्यांनी फोन छातीशी धरला. "हातात द्यायचा न्हाई. तुम्ही त्यात काहीतरी घालताल." मला वाटलं, आता ही चिडणार. भाभीचा चेहरा उलट खुलला. पहिल्यांदाच तिला तिच्या जातकुळीचा माणूस भेटला होता. "बिलकुल देऊ नका तात्या. माझ्यावर विश्वास ठेवूच नका. फोन तुमच्या हातात, मी इथं लॅपटॉपवर. मी सांगते तेव्हा पान परत उघडा, बस."

साइट चौकटी-चौकटींची बनलेली असते, आणि त्या चौकटी एरवी दिसत नाहीत. भाभीनं आधी प्रत्येक चौकटीला लाल किनार दिली. "आता उघडा. काय दिसून राह्यलं?" तात्यांनी चष्मा सारखा केला. "विष्णूभोवती लाल चौकोन. माझ्या नावाभोवती बी. आन् वर एक आडवी लाल रेघ." भाभी म्हणाली, "ती रेघ म्हणजे तुम्ही." "मी रेघ?" तात्या म्हणाले. "हो. तुमचा फोटो काढलेला न्हाई, तिथंच हाय. त्याची चौकट चेपून गेलीय." मग तिनं त्यांना समजावून सांगितलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला मालातली खोट दाखवतात तसं. तात्यांचा फोटो जुना, स्टुडिओतला, उभा. तो सारखा कापून बसवायला तिनं त्याच्याभोवती चौकट केली आणि तिची उंची रुंदीवरून आपोआप काढायला एक नवी सूचना लिहिली. विष्णूभाऊंचा फोटो आधीच चौकोनी, त्याला अशी जादा चौकट लागलीच नाही. तात्यांच्या फोनातला ब्राउझर जुना, त्याला ती सूचना कळली नाही. त्यानं ती सोडून दिली, उंची उरली शून्य, आणि चौकटीबाहेर जाईल ते झाकायचं असं लिहिलेलं असल्यामुळं तात्या झाकले गेले.

तात्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे तुम्ही आत्ता बनवून सांगताय कशावरून न्हाई?" भाभीनं मान डोलवली, जणू याच प्रश्नाची ती वाट बघत होती. "बरोबर. मंग असं करू. तुमच्यासारखीच चौकट मी विष्णूभाऊंना घालते. बघा काय होतं." विष्णूभाऊ दचकले, "ओ भाभी, मला कशाला?" तिनं दोन-तीन बटणं दाबली. "उघडा." तात्यांनी पान उघडलं. आता तिथं दोन लाल रेघा होत्या आणि दोघा भावांची नुसती नावं. "विष्ण्या," तात्या ओरडले, "तू बी गेलास की रे!" विष्णूभाऊ उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले, फोनमध्ये डोकं घातलं, आणि दोघंही असे हसले की बाहेरचे गिऱ्हाईक आत डोकावले. "हा फोन भाऊ ओळखत न्हाई, तात्या," भाभी म्हणाली. "याला जे कळत न्हाई ते तो सोडतो. थोरला असू दे का धाकटा." मग तिनं जुन्या ब्राउझरांसाठी उंचीची वेगळी ओळ लिहिली, नव्यांसाठी नवी ठेवली. तात्यांनी पान उघडलं. दोघंही आपापल्या जागी. तेवढ्यावर तिचं समाधान कुठलं. तिनं दोघांना फोनांची अदलाबदल करायला लावली आणि धाकट्याच्या फोनवर थोरल्यानं, थोरल्याच्या फोनवर धाकट्यानं बघून घेतल्यावरच लॅपटॉप मिटला. अक्षय तृतीयेला वाटणी झाली नाही. भांडतात अजून, पण एकाच गादीवर बसून. उठावण्याला दोघं एकाच जीपनं आल्ते.

परतताना जीपमध्ये मी तिला सरळ विचारलं, "भाभी, तुमच्याकडे अगदी तसाच जुना फोन होता. त्यात बघितलं का न्हाई?" ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "तो नणंदेनं नेलाय." आणि थोड्या वेळानं, "इतके दिवस लागले का भैया हे विचारायला?" मी त्या उत्तरावर अर्धाच विश्वास ठेवला. तिनं आणलेला फोन कोणाला दिला असेल हे मला पटत नव्हतं, कारण ती स्वतःच्या पोरांना हात लावू द्यायची नाही. पण भावांचं मिटलं होतं, आणि तिनं विष्णूभाऊंसाठी काही केलं असतं तर अशी भर दुकानात त्यांना रेघ केली नसती, एवढं मला कळत होतं. संभाजीनगरचं मात्र डोक्यात राहिलं. पुढं पुढं तिचं येणं कमी झालं, घरूनच काम करायला लागली, आणि पोटाच्या आजाराचं आम्हा सगळ्यांना कळलं तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उठावण्यानंतर काही आठवड्यांनी मी अशोकजींना भेटायला घरी गेलो. पाणी झालं, चहा झाला. ते माझ्याकडे तिरकं बघत होते. शेवटी म्हणाले, "बालाजी भैया, एक विचारू? राग मानू नका. तिच्या आजाराचं तुम्हाला पहिले माहीत होतं ना? मला मागून सांगितलं तिनं. तुम्हाला आधी." मी चकित झालो. म्हटलं, "मला? मला कोण सांगतंय? मला तर म्हणायची, नणंदेकडे संभाजीनगरला चालले." अशोकजी ताठ बसले. "माझ्या बहिणीकडं? ती तर दोन वर्षांपासून नाशिकला हाय. मला म्हणायची, बालाजी भैयाचं काम निघालंय संभाजीनगरात, दवाखान्याच्या साइटचं." दवाखान्याची साइट आम्ही कधी केलीच नव्हती. मग आम्ही दोघं समोरासमोर बसून एकेक दिवस जुळवायला लागलो. तुम्हाला काय म्हणाली, मला काय म्हणाली. साइट तपासायची राहिली तो आठवडा कुठला, वाटूरला गेलो तो दिवस कुठला. त्या आठवड्यात ती आधीपासूनच औषधोपचार घेत होती, आणि वाटूरच्या त्या उन्हात आली ती दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एवढे दिवस अशोकजी माझ्यावर संशय धरून होते आणि मी तिच्यावर, आणि तिनं आम्हा दोघांनाही कळू दिलं नव्हतं. का, ते मला नक्की माहीत नाही. माझा अंदाज असा की आजारी बाईनं तपासलेल्या कामावर लोक विश्वास ठेवणार नाहीत, असं तिला वाटलं असावं. लोकांबद्दलचे तिचे अंदाज सहसा चुकत नसत. मेलेल्या माणसाबद्दल सगळं गोड लिहायची रीत आहे, पण खोटं बोलली ते बोललीच. हुकलेला फोटो सोडला तर एवढ्या वर्षांत मला सापडलेला तिचा हाच एक घोळ.

"आन् तिचा तो जुना महागाचा फोन? तो नणंदेनं नेला म्हणायची," मी विचारलं. अशोकजी उठले, कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि फोन काढून आणला. तो नणंदेकडे कधी गेलाच नव्हता. मी म्हटलं, कामाला लागेल, मला द्या. अशोकजींनी तो तात्यांसारखाच छातीशी धरला. "काम असंल तर इथं या. फोन कुठं जायचा न्हाई." म्हणून हल्ली नवी साइट झाली की मी मोंढ्याच्या बाजूला त्यांच्या घरी जातो. भाभीच्या टेबलाशी मी लॅपटॉप उघडतो, अशोकजी समोरच्या खुर्चीत फोन घेऊन बसतात. बारदान्याचा सौदा सांगावा तशा मोठ्या आवाजात ते वाचून दाखवतात... वर नाव आहे, फोटो आहे, खालचं बटण जरासं डावीकडं सरकलंय. मी दुरुस्त करतो, ते परत उघडतात. परवा एका शाळेचं पान होतं. ते म्हणाले, "झालं, आता एकदम बराबर हाय." मी म्हटलं, "दाखवा इकडं." त्यांनी भुवया उंचावल्या. "माझ्यावर भरवसा न्हाई का?" मी म्हटलं, "न्हाई." अशोकजी हसले, कितीतरी दिवसांनी हसले, आणि फोन हातातून न सोडता त्यांनी तो माझ्याकडं वळवला.